शंभर कोअर घेतले तरी रन संपत का नाही? क्लस्टर आणि क्लाउडवरच्या पॅरलल रनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात रिसर्च करणाऱ्या पोरापोरींचे रन (कॉम्प्युटरवरचे मोठाले हिशोब) लावून देणं, अडकलेले सोडवणं हे माझं निम्मं काम झालंय, आणि दर जुलैत नवीन बॅच आली की तेच प्रश्न त्याच क्रमाने येतात. म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतोय. आधी थोडे शब्द: कोअर म्हणजे चिपमधला हिशोब करणारा एक भाग, नोड म्हणजे बऱ्याच कोअरचं एक मशीन, क्लस्टर म्हणजे एकमेकांना जोडलेले नोड, क्लाउड म्हणजे भाड्याने मिळणारी मशीन, प्रोसेस म्हणजे प्रोग्रामची एक चालती प्रत, आणि पॅरलल म्हणजे एक काम वाटून एकाच वेळी करणं. उदाहरणं जास्त करून हवामानाच्या डब्ल्यूआरएफ मॉडेलची आणि पायथनची आहेत कारण माझ्याकडे तेच येतं, पण ग्रोमॅक्सवाल्यांनी (रेणूंची हालचाल) आणि ओपनफोमवाल्यांनीही (द्रव-वायूंचा प्रवाह) वाचायला हरकत नाही, दुखणं सगळ्यांचं एकच आहे.

माझं काम पॅरलल होण्यासारखं आहे का, हे आधी कसं ओळखायचं?

एकच प्रश्न विचारा: एका तुकड्याला दुसऱ्याचं उत्तर मधेच लागतं का?

दहा हजार रेणू एका प्रोटीनवर बसवून बघायचेत, तर पाचशेव्या रेणूला सहाशेव्याचं काय झालं याच्याशी घेणंदेणं नाही. हे सुटं काम. मॉन्टे कार्लो (फासे टाकल्यासारखे रँडम आकडे घेऊन केलेले पुष्कळ रन), पॅरामीटर बदलून बदलून तोच रन, हजार जिनोमवर तीच पायरी, सगळं याच जातीचं. अशा कामाला भारी नेटवर्क लागत नाही, स्वस्तातली मशीन चालतात, मधेच एखादं मेलं तर तेवढाच तुकडा परत लावायचा.

हवामान, फ्लुइड, मॉलिक्युलर डायनॅमिक्स हे जोडलेलं काम. पुण्याच्या डोक्यावरच्या हवेचं पुढच्या मिनिटाला काय होणार हे लोणावळ्याकडून काय येतंय त्यावर ठरतं, म्हणजे दर स्टेपला (मॉडेल वेळात एकेक छोटी उडी घेत पुढे जातं, ती) शेजाऱ्याशी बोलणं आलं.

आणि काही कामं अर्धी अशी अर्धी तशी असतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे ना, ४५ मीटरच्या ३० डिश, त्यांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक डिशचा सिग्नल फ्रिक्वेन्सीत तोडायचं काम डिशनिहाय सुटं. पण जोड्या लावायच्या तर एका चॅनेलसाठी तिसांच्या तीस डिशचा डेटा एका जागी यायला लागतो, म्हणजे मधे सगळ्या डेटाची उलटापालट आली, आणि ती झाली की परत प्रत्येक चॅनेल सुटा. मशीनला घाम फुटतो तो या मधल्या उलटापालटीत. तुमच्या कामात अशी जागा कुठे आहे ते कागदावर काढा, बाकीचं नंतर बघू.

कोअर दुप्पट केले तर वेळ निम्मा का होत नाही?

लग्नघरात पोळ्या लाटायला वीस बायका बसवल्या आणि तवा एकच ठेवला तर काय होईल? लाटलेल्या पोळ्यांचा ढीग लागेल आणि पंगत ओरडत बसेल. तुमच्या प्रोग्राममध्येही असा तवा असतो: इनपुट फाइल वाचणं, शेवटी सगळं गोळा करून लिहिणं, एकाच प्रोसेसने करायचं काहीतरी. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं. समजा १०० पैकी फक्त ५ टक्के काम असं एकट्याने करायचं आहे. तर १६ कोअरवर वेग सुमारे ९ पट, ६४ वर साडेपंधरा पट, २५६ वर साडेअठरा पट, आणि जगातले सगळे कोअर आणून ओतले तरी २० पटीच्या वर जात नाही. ६४ वरून २५६ वर गेलात तर तासाचे पैसे चौपट आणि वेग जेमतेम वीस टक्के जास्त.

याला दुसरी बाजू आहे, ती जॉन गुस्टाफसन यांनी १९८८ मध्ये दाखवली. मशीन मोठं मिळालं की माणूस तोच जुना प्रश्न लवकर सोडवत बसत नाही, मोठा प्रश्न घेतो. ग्रिड (हिशोबाच्या खान्यांची जाळी) बारीक करतो, डोमेन (हिशोबात घेतलेला प्रदेश) वाढवतो. आणि प्रश्न वाढला की तव्याचा वाटा बहुतेक वेळा आपोआप कमी होतो. म्हणून मीटिंगमध्ये कोणी "आमचा कोड स्केल होतो" असं म्हणालं की आधी विचारा, प्रश्न तेवढाच ठेवून का वाढवत नेऊन? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ग्राफ दाखवताना लोक सोयीची निवडतात.

मग मी किती कोअर मागू?

अंदाजाने मागू नका, मोजा. खरा रन पाच दिवसांचा असेल तर त्यातला एखाद-दोन तासांचा तुकडा घ्या आणि तोच १, २, ४, ८ नोडवर चालवा. समजा आकडे असे आले: १ नोडवर १०० मिनिटं, २ वर ५४, ४ वर ३१, ८ वर २२. आता वेळेला नोडनी गुणा, कारण क्लाउडचं बिल किंवा क्लस्टरवरचा तुमचा कोटा त्याच हिशोबाने कापला जातो. १००, १०८, १२४, १७६ नोड-मिनिटं. म्हणजे ४ नोडपर्यंत ठीक आहे, ८ वर गेलात की नऊ मिनिटं वाचवायला ५२ नोड-मिनिटं जास्त मोजलीत. उद्या सकाळी अंदाज द्यायचा असेल तर ८ घ्या. थीसिससाठी चाळीस रन करायचे असतील तर ४ वरच थांबा आणि दोन रन शेजारी शेजारी लावा. माझी स्वतःची रेष ७० टक्के एफिशियन्सीची आहे (एका नोडच्या नोड-मिनिटांना आताच्या नोड-मिनिटांनी भागा), त्याखाली गेलं की मी नोड वाढवत नाही.

डब्ल्यूआरएफवाल्यांनी मोजताना एक जपायचं. आरएसएल नावाच्या लॉग फाइलीत प्रत्येक स्टेपला किती सेकंद लागले ते लिहून येतं, त्याची सरासरी काढतात पोरं, पण पहिली स्टेप कायम जड असते, आणि रेडिएशन (ऊन-उष्णतेचा हिशोब) दर स्टेपला चालत नाही, ९ किलोमीटरच्या ग्रिडला साधारण दर ९ मिनिटांनी चालतं, म्हणजे ५४ सेकंदांची स्टेप धरली तर दर दहावी स्टेप लांबते. सरासरीत अशा किती पडल्या त्यावर आकडा हलतो. पहिल्या काही स्टेप टाका आणि पुढे रेडिएशनच्या पूर्ण फेऱ्या मोजा.

डब्ल्यूआरएफला जास्त कोअर दिले तर उलट हळू झालं. असं कसं होईल?

होतं. अगदी नियमाने होतं. हे एकदा वहीवर करून बघा.

३०० बाय ३०० चं डोमेन घ्या. ४ प्रोसेसना वाटलं तर प्रत्येकाला १५० बाय १५० म्हणजे २२,५०० खाने. प्रत्येकाला कडेचा हिशोब करायला शेजाऱ्याच्या काही ओळी लागतात, त्याला हेलो म्हणतात. तीन ओळींचा हेलो धरला तर १५६ चा वर्ग वजा १५० चा वर्ग, म्हणजे १,८३६ खाने दुसऱ्याकडून आणायचे. स्वतःच्या कामाच्या ८ टक्के. चालतंय.

आता हेच डोमेन ९०० प्रोसेसना वाटा. प्रत्येकाच्या वाट्याला १० बाय १०, म्हणजे १०० खाने. हेलो? १६ चा वर्ग वजा १० चा वर्ग, १५६. स्वतःचं शेत शंभर गुंठे आणि शेजाऱ्याच्या बांधावर दीडशे गुंठ्यांची येजा. कॅल्क्युलेशन क्षणात उरकतं आणि मग सगळे निरोपाची वाट बघत बसतात. वर्षानुवर्षं वाटण्या होऊन जमिनीचं जे होतं तेच डोमेनचं होतं, तुकडा एका मर्यादेखाली गेला की पीक कमी आणि बांध जास्त.

शिवाय यात सगळ्यात हळू प्रोसेस सगळ्यांना थांबवते. घाटमाथ्यावर धो धो पाऊस चाललेला तुकडा आणि अरबी समुद्रावरचं कोरडं आकाश असलेला तुकडा, दोघांचे खाने सारखे पण ढगांच्या फिजिक्सचं काम सारखं नाही. ढोलपथकात एक जण मागे पडला तर ताशावाल्याला थांबावंच लागतं, तसं.

पण मला ९ वरून ३ किलोमीटरवर जायचंय, ते तर जास्त कोअर घेऊनच होईल ना?

हो, पण किती जास्त ते आधी ऐका. पूर्व-पश्चिम खाने तिप्पट, उत्तर-दक्षिण तिप्पट, आणि ग्रिड बारीक झाल्यावर टाइमस्टेपही लहान करावी लागते नाहीतर मॉडेल फुटतं. ढोबळ नियम म्हणजे ग्रिड किलोमीटरमध्ये घ्या, सहाने गुणा, तेवढे सेकंद. ९ ला ५४ सेकंद, ३ ला १८. म्हणजे स्टेपही तिप्पट. तीन गुणिले तीन गुणिले तीन, २७ पट काम. पूर्ण महाराष्ट्र ३ किलोमीटरवर घ्यायची हौस असते सगळ्यांना; बहुतेकांना सह्याद्रीचा एक पट्टाच हवा असतो, तेवढ्यापुरतं नेस्टिंग (मोठ्या डोमेनच्या आत बारीक ग्रिडचं छोटं डोमेन) करा.

टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) उघडलं तर सगळे कोअर १०० टक्के दिसतायत. म्हणजे मशीन पूर्ण वापरात आहे ना?

हा सगळ्यात जास्त फसवणारा आकडा. एमपीआय म्हणजे प्रोसेसनी एकमेकींना निरोप पाठवायची पद्धत; तिच्या प्रोसेस निरोपाची वाट बघतात तेव्हा बहुतेक वेळा झोपत नाहीत, "आलं का, आलं का" करत गोल गोल फिरत असतात, कारण झोपून उठण्यात वेळ जातो. त्यामुळे काम करणारी प्रोसेस पण १०० टक्के आणि शेजाऱ्याची वाट बघणारी पण १०० टक्के. सरकारी ऑफिसात सगळी टेबलं भरलेली दिसतात तसं समजा. खरं काय चाललंय ते बघायला प्रोफायलर (प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते मोजणारं टूल) लावा, एकूण वेळातला किती एमपीआयच्या आत गेला तेवढा एक आकडा मिळाला तरी पुष्कळ. तो ४० टक्क्यांच्या वर असेल तर कोअर वाढवायचे नाहीत, कमी करून बघायचे. लोकांना हे पटत नाही, पण करून बघतात आणि मग गप्प येऊन चहा पाजतात.

क्लाउडवर १६ व्हीसीपीयूचं मशीन घेतलं, म्हणजे १६ कोअर ना?

नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा. इंटेलच्या बहुतेक मशीनवर एक व्हीसीपीयू म्हणजे एक हायपरथ्रेड, म्हणजे खरे कोअर ८. एका कोअरवरचे दोन थ्रेड तेच गणिती युनिट आणि तीच कॅश वाटून घेतात, त्यामुळे मेमरीने आधीच अडलेल्या कोडला दुसऱ्या थ्रेडचा फायदा जवळपास शून्य, कधी तोटाच. अ‍ॅमेझॉनच्या ग्रॅव्हिटॉन चिपवर मात्र व्हीसीपीयू म्हणजे खरा कोअर. मशीन घेण्याआधी हे तपासा, हायपरथ्रेडिंग बंद करून चालवा, आणि आपल्या लॅबच्या क्लस्टरशी तुलना करताना कोअरला कोअर लावा. "क्लाउड निम्म्या वेगाने चालतं" अशी तक्रार घेऊन आलेल्या चौघांपैकी तिघांचं उत्तर इथेच सापडतं.

क्लाउडवर एमपीआय चालतं का? सगळे म्हणतात नेटवर्क बंडल असतं.

साधं मशीन घेतलंत तर खरं आहे. इन्फिनिबँडवर (क्लस्टरमधलं खास वेगवान नेटवर्क) एक छोटा निरोप पोचायला एक-दोन मायक्रोसेकंद लागतात. साध्या क्लाउड नेटवर्कवर काही दशक मायक्रोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरसाठी ५० मायक्रोसेकंद म्हणजे दीड लाख क्लॉक सायकल, आणि हे दर स्टेपला, कित्येक वेळा.

पण आता एचपीसीसाठीची (अशा मोठ्या पॅरलल कामांसाठीची) वेगळी मशीन मिळतात. अ‍ॅझ्युअरच्या एचबी जातीच्या मशीनना खरं इन्फिनिबँड असतं, अ‍ॅमेझॉनकडे ईएफए नावाचा स्वतःचा प्रकार आहे जो लेटन्सीत (निरोप पोचायला लागणाऱ्या वेळात) इन्फिनिबँडएवढा नाही पण साध्या नेटवर्कपेक्षा खूपच बरा. दोन गोष्टी विसरू नका: सगळी मशीन एकाच झोनमध्ये आणि एकाच प्लेसमेंट ग्रुपमध्ये घ्या, नाहीतर एक नोड एका इमारतीत आणि दुसरा दुसऱ्या, आणि तुमची एमपीआय लायब्ररी खरंच ते भारी नेटवर्क वापरतेय का ते लॉगमध्ये बघा, कारण ड्रायव्हर सापडला नाही तर ती गुपचूप साध्या टीसीपीवर उतरते, एरर वगैरे काही येत नाही, नुसतं हळू चालतं.

लॅबचा क्लस्टर, सरकारी सुपरकॉम्प्युटर की क्लाउड, काय घेऊ?

आपल्या गावात बसून हा प्रश्न पडणं हीच एक गंमत आहे. सी-डॅक ही सरकारी कॉम्प्युटर संस्था १९८८ मध्ये पुण्यात निघाली, अमेरिकेकडून हवं ते क्रे मशीन मिळेना म्हणून, आणि विजय भटकरांच्या टीमने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तोही लहान लहान ट्रान्सप्युटर चिप जोडून, म्हणजे पॅरललच. आज राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली आयसर पुण्याला परम ब्रह्मा आहे, जीएमआरटीसाठी २०२४ मध्ये परम रुद्र आला, पाषाणच्या आयआयटीएमला हवामानासाठी आधी प्रत्युष आणि २०२४ पासून ११.७७ पेटाफ्लॉप्सचा अर्क. शेवटचे दोन हवामान-हवामानबदलाच्या कामाचे, तुमच्या प्रोटीनसाठी नाहीत, तिकडे अर्ज घेऊन जाऊ नका.

माझा हिशोब साधा आहे. वर्षभर रोज काम आहे आणि रांगेत उभं राहायला वेळ आहे, तर राष्ट्रीय मशीन किंवा स्वतःचा क्लस्टर. क्लाउड कधी? पेपरचा रिव्ह्यू आला आणि तीन आठवड्यांत वीस रन परत करायचेत. किंवा वर्षातून दोनदाच मोठं काम असतं. किंवा डेटाच क्लाउडवर पडलेला आहे. चोवीस तास, बारा महिने भाड्याच्या घरात राहायचं असेल तर ते घर घेण्यापेक्षा महाग पडतं, इथेही तसंच. पण तुलना करताना स्वतःच्या क्लस्टरचं वीजबिल, एसी, आणि रविवारी रात्री डिस्क गेल्यावर धावत येणारा माणूस हेही धरा. तो माणूस फुकट नसतो (मी सांगतोय).

स्पॉट मशीन (क्लाउडवाल्यांकडे रिकामी पडलेली, सवलतीत मिळणारी) एवढी स्वस्त असतात, तीच का नाही घ्यायची?

घ्याच, पण मधेच काढून घेतली जातात हे धरून. जाहिरातीत ९० टक्क्यांपर्यंत सूट म्हणतात. नोटीस मिळते अ‍ॅमेझॉनवर दोन मिनिटांची, गूगल आणि अ‍ॅझ्युअरवर अर्ध्या मिनिटाची. सुट्या कामाला हे वरदान आहे. जोडलेल्या कामात एक नोड गेला की सगळा रन गेला, म्हणून चेकपॉइंट (मधली स्थिती डिस्कवर लिहून ठेवणं, म्हणजे तिथून पुढे चालू करता येतं) हवाच.

चेकपॉइंट किती वेळाने लिहायचा यासाठी जॉन यंग यांचं १९७४ चं सूत्र अजून चालतं: लिहायला लागणारा वेळ गुणिले दोन गुणिले सरासरी किती वेळाने मशीन जातं, आणि त्याचं वर्गमूळ. लिहायला २ मिनिटं लागतात आणि सरासरी ६ तासांनी मशीन जातं, तर २ गुणिले २ गुणिले ३६०, म्हणजे १,४४०, वर्गमूळ साधारण ३८. दर ३८ मिनिटांनी लिहा. डब्ल्यूआरएफमध्ये यालाच रिस्टार्ट म्हणतात, आणि नेमलिस्ट या सेटिंगच्या फाइलीतला रिस्टार्ट इंटरव्हल मिनिटांत असतो पण ती मॉडेलमधली मिनिटं, घड्याळातली नाहीत. इथे पोरं हमखास चुकतात. आणि रिस्टार्ट फाइल त्याच मशीनच्या डिस्कवर ठेवली तर मशीनबरोबर तीही जाईल, एवढं तर लिहायलाही नको, पण लिहितोय.

रनचा बराच वेळ फाइली लिहिण्यात जातो. मोठा सीपीयू घेऊ का?

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दुखणं डिस्कचं आहे.

माझीच गोष्ट. सुरुवातीच्या काळात एका पॅरामीटर रनमध्ये प्रत्येक प्रोसेस प्रत्येक स्टेपला एक छोटी टेक्स्ट फाइल लिहायची, वाटलं काय सुटसुटीत आहे, हवी ती उघडून बघता येते. दुसऱ्या दिवशी एका फोल्डरमध्ये चार लाखांच्या आसपास फाइली, एकेक दोन-तीन केबीची. एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारलं आणि टर्मिनल गोठलं. माझंच नाही, सगळ्या क्लस्टरचं, कारण लस्टरसारख्या फाइलसिस्टिममध्ये डेटा पुष्कळ सर्व्हरवर पसरलेला असतो पण फाइलींची नावं-पत्ते सांभाळणारे सर्व्हर एक-दोनच, आणि मी त्यांना चार लाख प्रश्न विचारले होते. त्या दिवशी जेवायला खाली गेलोच नाही, लोकांची तोंडं कोण बघणार.

तेव्हापासून नियम: थोड्या आणि मोठ्या फाइली. नेटसीडीएफ किंवा एचडीएफ५ फॉरमॅटमध्ये एकत्र लिहा, मधल्या तात्पुरत्या फाइली नोडच्या स्वतःच्या डिस्कवर, आणि जे कधीच बघणार नाही ते लिहूच नका. दर दहा मिनिटांचं थ्रीडी आउटपुट मागणाऱ्यांपैकी किती जण ते उघडतात हे मला विचारा.

एस थ्री (अ‍ॅमेझॉन क्लाउडवरची साठवण) हे फोल्डरसारखंच वापरायचं ना?

दिसतं फोल्डरसारखं, आहे गोदाम. वस्तू आख्खी ठेवायची, वाचायला तिचा तुकडाही मिळतो, पण मधल्या चार ओळी बदलता येत नाहीत, बदलायच्या तर वस्तू परत ठेवा. हजार प्रोसेसनी एकाच वेळी वेगवेगळ्या वस्तू वाचल्या तर मजेत चालतं, पण एकेक केबीच्या लाख वस्तू असतील तर प्रत्येकीच्या मागणीतच वेळ जातो. झार फॉरमॅट याच्यासाठीच सोयीचा पडतो, डेटाचे चौकोनी तुकडे, प्रत्येक तुकडा वेगळी वस्तू. फक्त तुकड्याचा आकार तुम्ही कसं वाचणार त्यावरून ठरवा. एका गावाची चाळीस वर्षांची मालिका हवी असेल आणि तुकडे "एक दिवस, आख्खा देश" असे पाडले असतील तर एका गावासाठी साडेचौदा हजार तुकडे उघडावे लागतील.

डेटा क्लाउडवरून घरी आणायला पैसे पडतात?

आत टाकायला बहुतेक फुकट, बाहेर काढायला पैसे. मुंबई रीजनमधून अ‍ॅमेझॉनचा छापील दर एका जीबीला साधारण ११ सेंट. ५ टीबी आउटपुट लॅबमध्ये आणलंत तर साडेपाचशे डॉलरच्या आसपास, आणि स्पॉटवर केलेल्या आख्ख्या रनचे पैसे त्याहून कमी झालेले असू शकतात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. म्हणून सरासऱ्या, नकाशे, काय काढायचं ते तिथेच काढा आणि दोनशे एमबी घेऊन घरी या.

पायथनमध्ये थ्रेड लावले, वेग तेवढाच. आणि प्रोसेस लावल्या तर मशीनच हँग. का?

दोन वेगळे आजार आहेत. पहिला म्हणजे जीआयएल: नेहमीच्या पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड (प्रोसेसच्या आतला कामाचा एक धागा) पायथनचा कोड चालवू शकतो. नमपाय या गणिताच्या लायब्ररीची मोठी गणितं चालू असताना कुलूप उघडतं, पण तुमचा स्वतःचा फॉर लूप त्यात येत नाही. २०२४ च्या ३.१३ पासून कुलूप नसलेला पायथनही मिळतो, प्रयोग म्हणून बघा.

दुसरा जास्त छळतो. १६ कोअरवर तुम्ही १६ प्रोसेस लावल्या, पण नमपायच्या पोटातली लायब्ररी प्रत्येक प्रोसेसमध्ये स्वतःचे १६ थ्रेड उघडते, कारण तिला वाटतं मशीन आपलं एकटीचं आहे. झाले २५६. सगळे एकमेकांच्या पायात. ओपनएमपीच्या थ्रेडची संख्या सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतं, ते नमपाय इम्पोर्ट करायच्या आधी १ करा. एका ओळीत रन दसपट पळालेले मी पाहिलेत.

डास्कवाल्यांसाठी (पायथनचं काम टास्कमध्ये वाटून देणारी लायब्ररी) जोडीला: एका टास्कमागे मिलिसेकंदाच्या आतबाहेर ओव्हरहेड असतो. एक कोटी बारीक टास्क केलेत तर नुसत्या वाटपात पावणेतीन तास. टास्क निदान काही सेकंदांचा तरी करा.

९९ टक्के काम दोन तासांत झालं, शेवटचं १ टक्का तीन तास चाललंय. असं का?

मोठे तुकडे शेवटी आले म्हणून. सगळ्यात जड काम सगळ्यात आधी लावा, हलकी पोरं मागून फटी भरतात. जड कुठलं ते माहीत नसेल तर आकाराने लावा, बहुतेक वेळा जमतं.

तोच रन, कोअर बदलले, तर उत्तर शेवटच्या अंकांत वेगळं येतंय. बग आहे का?

बहुतेक नाही. कॉम्प्युटरची बेरीज कुठल्या क्रमाने करता त्यावर उत्तर हलतं. पायथनमध्ये १० चा सोळावा घात अधिक १, वजा १० चा सोळावा घात, असं करून बघा (घात 1e16 असा लिहा, 10**16 नको, तो पूर्णांक धरला जातो), ०.० येईल. १ गिळला गेला, कारण डबल प्रिसिजनमध्ये साधारण सोळा अंकच मावतात. प्रोसेस बदलल्या की बेरजेचा क्रम बदलतो, शेवटचे अंक बदलतात, आणि हवामानासारख्या चंचल मॉडेलमध्ये तो फरक काही दिवसांत नकाशावर दिसायला लागतो. एकाच रनच्या दोन उत्तरांऐवजी बऱ्याच रनच्या सरासऱ्या ताडून बघा. सरासऱ्याच वेगळ्या आल्या तर मात्र बग आहे, शोधा.

मॉन्टे कार्लोचे शंभर रन, सगळ्यांचं उत्तर हुबेहूब सारखं. एवढं अचूक?

सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) सारखं आहे हो. शंभर मशीन, एकच फासा, शंभर वेळा तोच आकडा. घड्याळाच्या सेकंदावरून सीड घेतलं तरी हीच गत, कारण शंभर जॉब एकाच सेकंदाला सुटतात. नमपायमध्ये एका मूळ सीडवरून वेगवेगळ्या धारा काढायची सोय आहे ती वापरा, आणि मूळ सीड लिहून ठेवा.

जीपीयू घेऊ?

ग्रोमॅक्स असेल तर हो, डोळे मिटून. स्वतः लिहिलेला कोड असेल तर आधी बघा की डेटा जीपीयूवर एकदा जाऊन तिथेच राहतो का दर स्टेपला येजा करतो. येजा असेल तर सगळी कमाई प्रवासखर्चात जाते.

डॉकर (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, बांधणारं) चालेल का?

क्लाउडवर हो. सामायिक क्लस्टरवर बहुतेक जागी नाही, कारण त्याला रूटसारखे अधिकार लागतात, तिथे अ‍ॅपटेनर वापरतात, ज्याचं जुनं नाव सिंग्युलॅरिटी. डॉकरची इमेज त्यात चालते. फक्त कंटेनरमधलं एमपीआय आणि बाहेरचं एमपीआय जुळतंय का ते बघा.

मशीन बंद करून ठेवलं होतं, तरी बिल आलं!

बंद केलं म्हणजे सोडून दिलं नाही. मशीन थांबलं तरी त्याची डिस्क तुमच्याच नावावर असते आणि तिचं भाडं चालू राहतं. स्नॅपशॉट, राखून ठेवलेला पब्लिक आयपी, अर्धवट अपलोड झालेल्या फाइली, सगळ्यांचं मीटर वेगळं. गणपतीत गावाला जाताना मी आठ नोड "थांबवून" गेलो होतो, प्रत्येकाला एक टीबीची डिस्क, आणि एक नोड तर थांबवायचाच राहिला होता. दहा दिवसांनी गाइडसमोर बिल घेऊन बसलो तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, बोलले काहीच नाहीत. आता मी पहिलं मशीन चालू करायच्या आधी बजेटचा अलर्ट लावतो आणि जॉब संपला की मशीन स्वतःच नष्ट होईल अशी ओळ स्क्रिप्टच्या तळाशी टाकतो. अलर्ट खर्च थांबवत नाही बरं का, नुसता मेल पाठवतो, आणि तो मेल तुम्ही बघता त्याच आयडीवर येतोय ना ते तपासा.

रन अडकलाय, मदत हवीये. काय पाठवू?

जॉबची स्क्रिप्ट आख्खी. लॉगच्या पहिल्या पन्नास ओळी आणि शेवटच्या पन्नास, कारण चूक बरेचदा वर असते आणि खाली नुसता आक्रोश असतो. किती नोड, प्रत्येकावर किती प्रोसेस. याआधी हाच रन कुठे आणि किती नोडवर नीट चालला होता, आणि मधे काय बदललं. "काहीच बदललं नाही" असं लिहू नका, आठवून बघा. सगळं टेक्स्टमध्ये पाठवा, मोबाईलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको, त्यात एररपेक्षा ट्यूबलाइट जास्त दिसते.